तीन यंत्रं, दहा राग : मुंबईतल्या १९८२च्या एका ध्वनिमुद्रणाचा प्रकरण अभ्यास

दिल्लीतल्या एका दुकानात २००२ साली एडो बाऊमन या डच संग्राहकाला जुनी एलपी मिळाली. नाव ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’, वादक चरणजित सिंग, कंपनी एचएमव्ही, ध्वनिमुद्रण १९८२चं. बाऊमन यांनी ती २०१०मध्ये आपल्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या लेबलवर पुन्हा काढली आणि युरोपातल्या नृत्यसंगीताच्या वर्तुळात गोंधळ उडाला. शिकागोत १९८७ साली जन्मलं असं मानलं जाणारं, यंत्रांवर वाजणारं नृत्यसंगीत ‘अ‍ॅसिड हाऊस’ मुंबईत पाच वर्षं आधी वाजत होतं, असं त्या तबकडीवरून वाटत होतं. काहींना तर ही थट्टा वाटली. एफेक्स ट्विन या ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक संगीतकाराने खोटं नाव घेऊन हे केलं असणार, अशी अफवाही पसरली.

थट्टा नव्हती. चरणजित सिंग खरे होते, मुंबईतच राहत होते. हिंदी चित्रपटसंगीताच्या ध्वनिमुद्रणांत त्यांनी वर्षानुवर्षं गिटार, बास आणि कळफलकाची वाद्यं वाजवली होती. मग वर्तमानपत्रांनी त्यांना ‘अ‍ॅसिड हाऊसचे जनक’ करून टाकलं, आणि प्रकरण तिथेच अडकलं. आधी कोण, नंतर कोण ही मोजणी मला फारशी उपयोगाची वाटत नाही. शिकागोच्या पोरांनी ही एलपी ऐकलीच नव्हती, तेव्हा वंशावळ जुळवण्यात अर्थ नाही. खरा प्रश्न कारागिरीचा आहे. तीन यंत्रं समोर घेऊन बसलेल्या वादकाने कोणतं काम यंत्राला दिलं आणि कोणतं आपल्या हातात ठेवलं? आज खिशातल्या फोनवर किंवा लॅपटॉपवर रागसंगीत करू पाहणाऱ्याला याच प्रश्नाशी झगडावं लागतं. म्हणून हे प्रकरण जरा सावकाश उलगडू.

काळ आणि माणूस

१९८०मध्ये ‘कुर्बानी’तल्या बिद्दूंच्या चालीने आणि नाझिया हसनच्या आवाजाने डिस्को घराघरात पोचला. १९८२ संपता संपता ‘डिस्को डान्सर’ आला. त्या दिवसांत मुंबईच्या स्टुडिओतल्या वादकाला रोज तोच ठोका वाजवावा लागे. सिंग यांनी पुढे मुलाखतीत सांगितलेलं साधंच आहे : सिनेमात सगळीकडे डिस्को होता, तेव्हा त्याच ठोक्यावर राग वाजवून पाहावेत आणि तबला बाजूला ठेवावा, असं मनात आलं.

यात क्रांतीची भाषा नाही, आणि ते स्वाभाविकही आहे. मुंबईच्या फिल्मी वाद्यवृंदाची घडणच मिश्र होती. स्वरलेखन करणारे, वाद्यमेळ रचणारे कितीतरी जण गोव्याचे. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा ही नावं त्या काळच्या कोणत्याही वादकाला पाठ. सिंथेसायझर मुंबईत रुळवणाऱ्यांत केर्सी लॉर्ड हे पारशी वादक आघाडीवर. सकाळच्या शिफ्टला बोसानोव्हा आणि दुपारच्या शिफ्टला भैरवी वाजवणाऱ्या माणसाला ‘राग अधिक डिस्को’ हे वेगळं काही करतोय असं वाटायचं कारण नव्हतं. नवं वाद्य ज्याच्याकडे, त्याला बोलावणं, हा त्या धंद्याचा व्यवहार होता. सिंग यांनी सिंगापूरहून रोलँड कंपनीची यंत्रं आणली ती त्याच व्यवहारातून.

यंत्रं

पहिलं ज्युपिटर-८. १९८१चा सिंथेसायझर, ६१ पट्ट्या, एकाच वेळी आठ स्वर, वजन सुमारे २२ किलो, अमेरिकेतली किंमत पाच हजार डॉलरहून जास्त. दुसरं टीआर-८०८, तालयंत्र, १९८०चं. तिसरं टीबी-३०३. या प्रकरणाचा नायक ते तिसरं, म्हणून त्याच्याजवळ थोडं थांबतो.

चंदेरी प्लास्टिकचा एक डबा, वजन किलोभराच्या आसपास, बॅटरीवरही चालणारा, पिशवीत सहज मावणारा. त्याच्या अंगावर इंग्रजीत चक्क ‘कॉम्प्युटर कंट्रोल्ड’ असं छापलेलं असतं. आत एक छोटा मायक्रोप्रोसेसर स्वरांची यादी लक्षात ठेवतो आणि ओळीने वाजवत राहतो. रोलँडचे अभियंते तादाओ किकुमोतो यांनी तो घडवला तो एकट्या गिटारवादकाच्या सोयीसाठी : सोबतीला बास वाजवणारा माणूस नसेल तर हा डबा वाजवेल. पण बास गिटारसारखा त्याचा आवाज मुळीच नव्हता आणि त्यात स्वर भरणं म्हणजे डोकेदुखी. आधी सगळ्या स्वरांच्या उंची क्रमाने भरायच्या, मग वेगळ्या फेरीत त्यांची लांबी आणि विराम भरायचे. दोन्ही मनात एकत्र धरता आले नाहीत तर भलतंच काही वाजतं. सुमारे दहा हजार नग बनले आणि १९८४मध्ये उत्पादन थांबलं.

त्याची बलस्थानं मोजकी. एका वेळी एकच स्वर. एका पॅटर्नमध्ये जास्तीत जास्त १६ घरं. प्रत्येक घराला दोन खुणा करता येतात : जोर, म्हणजे तो स्वर ठासून, आणि स्लाइड, म्हणजे पुढच्या स्वरावर घसरत जाणं. वर काही बटणं. त्यातली कटऑफ आणि रेझोनन्स ही दोन सर्वांत महत्त्वाची. मूळ आवाज करवतीच्या दातांसारख्या लहरीचा, म्हणजे उपस्वरांनी (मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या वरच्या स्वरांनी) भरलेला. कटऑफने वरचे उपस्वर छाटायचे, रेझोनन्सने छाटणीच्या कडेवरचे उपस्वर फुगवायचे. बटण फिरवत नेलं की एकेक उपस्वर पुढे येतो आणि मागे सरतो. त्यातून तो प्रसिद्ध चिरका, ओलसर ‘अ‍ॅसिड’ आवाज निघतो.

इथे मिरजेची आठवण अपरिहार्य आहे. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी लावणारा कारागीर ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने याच प्रदेशात काम करतो. तार घोडीच्या किंचित वक्र पृष्ठभागाला स्पर्शत कंपते, उपस्वर उजळतात आणि नाद विरत जाताना ते एकामागून एक समोर येतात. घोडी आणि तार यांच्यामधल्या सुती धाग्याची जागा केसभर हलवली की उजळणारे उपस्वर बदलतात. जपानी अभियंत्याने तंबोरा डोळ्यांसमोर ठेवला होता असं मी म्हणत नाही. पण एकाच षड्जाचं पोट उलगडून दाखवणारा आवाज आपल्या कानांना परका नाही. ३०३वरचे राग विचित्र वाटले तरी विजोड वाटत नाहीत, याचं निदान अर्धं श्रेय मी याला देतो.

जोडणी

यंत्रायंत्रांनी बोलायची सामायिक भाषा, म्हणजे मिडी, १९८३मध्ये आली. त्याआधी रोलँडच्या यंत्रांत ‘सिंक’ची एक गोल पिनांची वायर असे. त्या वायरीतून प्रत्येक ठोक्याला २४ स्पंदनं जात. ८०८ने लय ठरवायची, ३०३ने ती पाळायची. ज्युपिटरमध्ये आर्पेजिएटर होता : पट्ट्या दाबून धरा, तो ते स्वर एकेक करून वाजवत राहील. त्यालाही बाहेरून स्पंदन देता येत असे. तिन्ही एकत्र बांधली की एक माणूस सबंध मेळ चालवू शकतो. शिवाय चालू असताना त्याचा उजवा हात मोकळा राहतो.

मोकळा हात ही या जोडणीची खरी कमाई.

कामाची वाटणी

तबकडीवर दहा राग आहेत : भैरव, ललित, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. प्रत्येक साधारण पाच मिनिटांचा. ऐकताना तीन थर स्पष्ट दिसतात. ८०८चा ठोका शेवटपर्यंत ढळत नाही. ३०३ खाली छोट्या सुरावटीत गोल गोल फिरतो. वर ज्युपिटरवर रागाची बढत, म्हणजे हळूहळू विस्तार, होते, आणि ती हाताने वाजवलेली आहे.

तबलावादनाच्या मैफिलीला गेलेल्याला मधल्या थराचं नाव लगेच सुचेल : लेहरा. एकल तबला चालू असताना हार्मोनियमवाला किंवा सारंगिया एकच सुरावट आवर्तनाआवर्तनाने वाजवत राहतो, ती काळ मोजायला असते. ३०३ इथे तेच करतो. फरक इतकाच, की तबल्याच्या मैफिलीत लेहरा स्थिर आणि तबला मोकळा असतो. इथे लेहरा आणि ताल दोन्ही यंत्राने बांधले आणि मोकळीक सुरावटीला दिली. म्हणजे मांडणी गायकाच्या मैफिलीची, पण साथीला लेहरा. आपल्याकडे असा मेळ सहसा ऐकू येत नाही, आणि या प्रयोगाची खरी कल्पना मला यात दिसते.

‘१६ घरं म्हणजे तीनताल’ असं उत्साहाने सांगणारे भेटतात. ते पटत नाही. ३०३ची सोळा घरं म्हणजे चार ठोक्यांचे प्रत्येकी चार भाग. डिस्कोत चारही ठोक्यांवर ढोल सारखाच पडतो. तीनतालात नवव्या मात्रेला खाली असते, डग्ग्याचा घुमारा थांबतो, आणि सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, येण्याआधी तिची चाहूल लागते. इथे खालीच नाही, म्हणून समेची ओढही नाही. संख्या जुळली म्हणून ताल जुळत नाही. शास्त्रीय संगीताच्या श्रोत्याला ही तबकडी सपाट वाटते, त्याचं मोठं कारण हेच, आणि तो आक्षेप मला मान्य आहे.

आता सुरांकडे. भैरवातला कोमल रिषभ आंदोलित, म्हणजे सावकाश झुलता, असतो. तो एका जागी ठेवला की भैरवाचं रूपच उतरतं. ३०३ला आंदोलन जमणार नाही. त्याची स्लाइड ठरलेल्या वेळात पुढच्या स्वरावर पोचते. मधल्या वाटेत रेंगाळायचं, की आधी एखादा कण घ्यायचा, हे ती ठरवू शकत नाही. मींड म्हणजे तीच वाट. म्हणून मींडेचं काम सिंग यांनी ज्युपिटरकडे, म्हणजे आपल्या हाताकडे ठेवलं. स्वर वाकवण्याची सोय आणि स्वरांमधलं घसरणं, दोन्ही त्या यंत्रात होतं. गिटार हातात वाढलेला माणूस असल्याने पट्ट्या दाबतानाही त्यांना तारेची वाट ऐकू येत असावी. हा माझा तर्क आहे. तबकडी ऐकून तो बळावतो.

समान अंतराच्या पट्टीचा जुना वादही इथे येतो. आकाशवाणीने १९४०पासून १९७१पर्यंत हार्मोनियमवर बंदी ठेवली होती. आक्षेप होता की त्यात श्रुती, म्हणजे स्वरांमधली सूक्ष्म अंतरं, नाहीत आणि मींड निघत नाही. दुसरीकडे याच महाराष्ट्रात गोविंदराव टेंबे त्याच पेटीवर मैफली गाजवत होते आणि संगीत नाटक पेटीशिवाय उभं राहत नव्हतं. वाद्यात जे नाही ते ऐकणाऱ्याच्या कानात उभं करायची युक्ती आपल्या वादकांना ठाऊक होती. सिंथेसायझरवरचा राग ही त्याच रांगेतली पुढची पायरी.

रागांची निवड

कोणी काहीही म्हणो, निवड अंदाधुंद वाटत नाही. दहापैकी निदान चार राग औडव आहेत : भूपाली, कलावती, मालकंस, बैरागी. पाच स्वरांचा राग यंत्रात भरायला सोपा. कलावतीचे सा, ग, प, ध आणि कोमल नि या पाच पट्ट्या एकत्र दाबून आर्पेजिएटर चालू केला तर वर-खाली जे वाजेल ते रागाला फारसं दुखावणार नाही. यमनात हे चालत नाही. यमन ‘नि रे ग’ असा षड्ज टाळून उठतो. आर्पेजिएटर मात्र दाबलेल्या प्रत्येक पट्टीची हजेरी घेतल्याशिवाय पुढे सरकत नाही.

भूपालीची अडचण आणखी सूक्ष्म. भूपाली आणि देसकार यांचे स्वर तेच. भूपालीत गंधाराचं राज्य, देसकारात धैवताचं. केवळ पट्ट्यांची यादी दिली तर यंत्राला दोघांतला फरक कळत नाही. तो कळवायचा असेल तर जोराची खूण कुठे करायची आणि कोणत्या स्वरावर थांबायचं, हे वादकानेच ठरवायचं.

ललितला पंचमच नाही, मालकंसालाही नाही. तंबोरा तिथे मध्यमाला लावतात. डिस्कोचा बास मात्र षड्ज-पंचमाच्या उडीवर पोसलेला. सवयीने हात पंचमावर गेला की राग संपला. असे दोन राग डिस्कोच्या तबकडीवर घ्यायला धाडस लागतं.

निकाल : तेव्हा आणि नंतर

तबकडी खपली नाही. माझ्या मते कारणं सरळ होती. डिस्कोच्या गिऱ्हाइकाला गाणं हवं होतं, शब्द आणि नायिकेचा आवाज हवा होता. शास्त्रीयच्या गिऱ्हाइकाला तो ढोल नको होता. आणि तिसरं, मुंबईत अशा वाद्यसंगीताला रात्रभर वाजवणारा क्लब नव्हता. शिकागोत ‘म्युझिक बॉक्स’ होता आणि तिथे रॉन हार्डी हा डीजे होता. डीजे पिअर आणि त्याच्या मित्रांच्या ‘फ्यूचर’ या चमूने जुना ३०३ मिळवून त्याची बटणं फिरवत केलेली अकरा मिनिटांहून लांब रचना त्याने लोकांना ऐकवली, पुन्हा पुन्हा ऐकवली, आणि १९८७मध्ये ती ‘ट्रॅक्स रेकॉर्ड्स’वर निघाली. यंत्र तेच होतं. पण तिथे बटणाचं फिरणं हाच संगीताचा विषय, आवाज कसा बदलतो हीच कथा. सिंग यांच्याकडे कथा रागाची आहे आणि बटण सोबतीला. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून ऐकली की ‘जनक’ वगैरे शब्द आपोआप गळून पडतात.

सिंग पुन्हा आपल्या कामाला लागले. २०१०नंतर मात्र त्यांना युरोपातून बोलावणी आली आणि सत्तरीत पोचलेला हा वादक तरुणांच्या गर्दीसमोर तीच यंत्रं घेऊन राग वाजवू लागला. जुलै २०१५मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं. महाराष्ट्रात त्यांची दखल युरोपातल्या बातमीच्या मागून घेतली गेली, हे लिहायला बरं वाटत नाही. निदान फिल्मी वादकांच्या इतिहासात त्यांना आधीच जागा मिळायला हवी होती.

आज हे करून पाहायचं तर

३०३ संगणकात आला १९९७च्या सुमारास. स्वीडनच्या प्रोपेलरहेड कंपनीच्या ‘रीबर्थ’ने दोन ३०३ आणि तालयंत्रं पडद्यावर उभी केली, आणि खोलीभर वायरींशिवाय हे संगीत करता येऊ लागलं. पुढे तेच आयपॅडवरही आलं. आता फोनसाठी ३०३च्या कितीतरी नकला मिळतात, काही फुकटही. मूळ डब्याची सेकंडहँड किंमत ऐकून हिरमुसण्याचं कारण नाही.

पण फोनवर आणखी एक गोष्ट बदलली : मर्यादा गेल्या. १६ ऐवजी २५६ घरं, हवे तितके थर, हवे तितके आवाज. रागाच्या कामाला ही श्रीमंती बहुधा मारक ठरते, कारण मोकळ्या हाताचं काम माणूस हळूहळू यंत्राकडे सोपवत जातो. घराघरात मींड आखायला बसलात तर तासाभराने जे हाती येईल ते लेहऱ्यासारखंच आखीव वाटेल. त्यापेक्षा सिंग यांचीच वाटणी पाळून पाहावी.

आधी तंबोऱ्याच्या अ‍ॅपवर आपली पट्टी पक्की करा, आणि ३०३च्या नकलेचं ट्यूनिंग तिच्याशी जुळवा. पॅटर्न १६ घरांचाच ठेवा आणि त्यातली निम्मी घरं रिकामी सोडा; विराम नसतील तर वरच्या सुरावटीला श्वास घ्यायला जागा उरत नाही. पहिल्या घरात षड्ज. जोराची खूण वादी, म्हणजे रागातल्या प्रमुख स्वरावर, भूपाली असेल तर गंधारावर. स्लाइड दोनच ठिकाणी करा, तीही जिथे गळा आपणहून घसरतो तिथे. कटऑफ खाली ठेवून सुरुवात करा आणि बढत तार सप्तकाकडे जाईल तसा तो सावकाश उघडा, म्हणजे बटणालाही रागाच्या चालीत काम मिळेल. सुरावट वाजवायला पियानोसारख्या पट्ट्यांपेक्षा बोट सरकवलं की स्वर अखंड सरकतो असा पडदा निवडा. मींड त्यावर निघते, आंदोलनही निघतं, मात्र रियाझ लागतो. आणि ही सुरावट एका दमात मुद्रित करा. तुकडे जोडत बसलात की बढतीचा ओघ जातो.

सुरुवातीला कलावती किंवा मालकंस घ्या. यमन मोहात पाडेल, पण त्याचं ‘नि रे ग’ हाताने वाजवायचं ठेवा आणि ३०३ला फक्त सा आणि प द्या. ललित सर्वांत शेवटी. अ‍ॅपमध्ये आयते मिळणारे बासचे पॅटर्न त्याला चालणार नाहीत, कारण जवळपास प्रत्येकात कुठे ना कुठे पंचम येतो. खालच्या थरात षड्ज आणि शुद्ध मध्यम एवढंच भरा, आणि दोन मध्यमांची गाठ वरच्या सुरावटीत बोटाने बांधा.